ताईच्या हातचं

दत्तू,

तुझं तेरावं होऊन आठवडा झाला. त्या दिवशी गोडाचं जेवण झालं, पानं उठली, नागपूरहून आलेली मंडळी संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. मी पातेली घासून पालथी घातली, हात पुसत उभी राहिले, आणि पुढं काय करायचं ते काही केल्या आठवेना. बायका गळ्यात पडून म्हणत होत्या, "ताई, रडून घ्या हो, मोकळ्या व्हा." मी त्यांच्या खांद्यावरून कॅलेंडरावरच्या एकादश्या मोजत होते. रागावू नकोस. वीस-बावीस वर्षं वॉर्डात काढली, माणसं जाताना बघायची मला सवय आहे, पण हे त्या सवयीतलं नाही. हातावर झोपलं की तो बधिर होतो, दुसऱ्या हातानं उचलून बाजूला ठेवावा लागतो. तसं झालंय माझं सगळंच.

ते तेरा दिवस मी घरात एकच वाक्य ऐकलं. जो कुणी भेटायला येईल त्याला तुझी बायको, सुमन, तेच सांगायची. "शेवटपर्यंत ताईंनीच केलं. ड्रेसिंगला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही." मंडळी माझ्याकडे बघून हात जोडायची. बरखेड्याकडचे ते तुझे ओव्हरसियर मित्र तर म्हणाले, "अशी बहीण मिळायला भाग्य लागतं." भाग्य! मी आत जाऊन शेगडीत उगाचच कोळसे घातले.

कारण तुला ठाऊक होतं आणि मलाही ठाऊक आहे, की तुझ्या पायात जे शिरलं ते बहुतेक माझ्याच हातानं शिरलं. 'बहुतेक' हा शब्द तुझा, तुझ्या प्रयोगशाळेतला. मला तो कधी आवडला नाही. हो म्हण नाही तर नाही म्हण, हे मधलं काय, असं मी तुला किती वेळा बोलले असेन. आता तोच शब्द घेऊन बसले आहे. आणि हे सुमनला सांगायचं की नाही, एवढा एक प्रश्न घेऊन तेरा रात्री तिच्या शेजारी झोपले.

तुझं शिक्षण, नोकरी, स्वभाव मनमिळाऊ, हे तुझ्या हापिसातले लिहितील. लिहू देत बापडे. मला पाण्याचा तांब्या आठवतो.

नागपूरला महालातलं काकांचं घर. आई-आबा गेल्यावर तू आणि मी तिथं. मी सतराव्या वर्षी कपाळ पांढरं करून परत आले आणि एकोणिसाव्या वर्षी नर्सिंगला गेले, तेव्हा काका म्हणाले होते, "कुणाकुणाचं काढतेस, कुणाकुणाच्या जखमा चिवडतेस, ते हाताला लागून घरात येतं. डोळ्याला दिसत नाही, पण असतं." मग माझं ताट मागच्या दारी, माझा तांब्या निराळा. ड्यूटीवरून आले की विहिरीवर डोक्यावरून पाणी घ्यायचं, तेव्हा उंबरा ओलांडायचा. माझ्या हातचं पाणी कुणी घेत नसे. तू आठ वर्षांचा. एका दुपारी शाळेतून आलास, ओसरीवर काकांची चार माणसं बसलेली, आणि तू खच्चून ओरडलास, "ताई, पाणी दे!" काकू भांडं घेऊन पुढं झाली तर म्हणतोस, "तुझं नको. ताईच्या हातचं." काकांनी सगळ्यांदेखत मुस्काटात दिली. तुझा गाल लाल झालेला, तरी तू माझ्या हातातला तांब्या ओढून घेतलास आणि अख्खा प्यायलास. निम्मं सदऱ्यावर सांडलंस. पोटात मावत नव्हतं तरी प्यायलास, मेल्या.

त्या दिवसापासून मी तुझ्यासाठी काहीही केलं असतं. केलंही.

राज्य मोडून नवं जुळलं, नागपूरची राजधानी गेली, आणि फायली, कपाटं, कारकून सगळं गाडीत भरून भोपाळला निघालं, तेव्हा आपल्यालाही विचारलं होतं, जाता का म्हणून. मी म्हणत होते, कशाला परमुलखात? तू म्हणालास, "ताई, नवं शहर आहे. तिथं आपल्याला कुणी काका नाहीत." एवढ्यावर मी ट्रंक भरली. टी. टी. नगरच्या क्वार्टरात आलो तेव्हा भिंतींचा चुनासुद्धा वाळलेला नव्हता. तुम्ही एका ओळीत, मी मागच्या ओळीत. सुमन आमटी करायची, मी पोळ्या, आणि भांडी मधल्या गल्लीतून इकडून तिकडे फिरायची. एकाच दवाखान्यात नोकरी, मी हाडांच्या वॉर्डात, तू मागच्या त्या तबेल्यासारख्या खोलीत, नळ्या आणि थाळ्या घेऊन.

चांगलं चाललं होतं रे.

पेनिसिलिनचं तुला माझ्याइतकं कौतुक नव्हतं, कारण त्याच्या आधीचं तू पाहिलं नव्हतंस. मी पाहिलं होतं. हाड मोडून बाहेर आलं की माणसाचा पाय जायचा नाही तर माणूस जायचा. मग लढाई संपता संपता ती इंजेक्शनं आली, आणि ज्याचं हाड सडलंय असा माणूस आठव्या दिवशी उठून बसून भजी मागायला लागला. मी त्या बाटल्यांना मनातल्या मनात नमस्कार करायची. इथं आलो आणि थोड्या दिवसांत बरखेड्याकडे कारखान्याचं बांधकाम सुरू झालं. परांचीवरून पडलेले, तुळईखाली आलेले, ट्रकातून फेकले गेलेले, रोज कुणी ना कुणी. दोन खाटांच्या मधे तिसरी, तिच्या पायथ्याशी चौथा जमिनीवर. एक ट्रॉली, एक ड्रेसर, आणि तीस पाय. आणि अशात पेनिसिलिन चालेनासं झालं.

आधी आम्हाला वाटलं, माल खोटा आलाय. मी स्टोअरकीपरशी कडाकडा भांडले. डोस दुप्पट केला, तिप्पट केला. ताप हटेना, पू थांबेना. तेव्हा तू मला तुझ्या खोलीत घेऊन गेलास. खिडकीशी जंतू वाढवायची रक्ताची थाळी धरलीस. लाल थरावर कागदाच्या पांढऱ्या टिकल्या ठेवलेल्या, प्रत्येकीत एकेक औषध. "हे बघ ताई, औषध चालत असलं की टिकलीभोवती अंगण सारवल्यासारखं मोकळं होतं. आणि ही पेनिसिलिनची." तिच्याभोवती अंगण नव्हतंच. सोनेरी ठिपके अगदी टिकलीला टेकून बसले होते. तुझे ते म्हातारे अटेंडंट, शफीमियाँ, दाढी कुरवाळत म्हणाले, "को खाँ सिस्टर, ये तो पेनिसिलिन का नाश्ता कर रिये हैं." मी हसले. तू नाही हसलास.

"माल खोटा नाही, ताई. जंतू निबर झालेत. आणि हे बाहेरून येत नाहीत. माणूस येतो तेव्हा त्याच्या जखमेत हे नसतात. आठ-दहा दिवसांनी येतात. वॉर्डातलंच कुणीतरी देतंय."

"कोण देतंय? नाव सांग, बघतेच मी त्याला."

हे मी बोलले. मीच.

मग तू कापसाच्या काड्या घेऊन आलास आणि सगळ्यांच्या नाकात घातल्यास. डॉक्टरसाहेबांपासून झाडूवालीपर्यंत. ड्रेसर रामप्रसाद इतका शिंकला की तुझा चष्मा पुसावा लागला. मीही हसत हसत नाक पुढं केलं. चार दिवसांनी चौघांच्या काड्यांतून तेच सोनेरी ठिपके उगवले. डॉक्टरसाहेब, रामप्रसाद, झाडूवाली आणि मी. डॉक्टरसाहेब खो खो हसले, म्हणाले, "लाओ भाई मरहम," आणि तिथल्या तिथं नाकात बोट फिरवलं. रामप्रसादनंही लावलं. मला मात्र तू वॉर्डात सांगितलं नाहीस. घरी आलास. मी पोळ्या लाटत होते. तू पाटावर बसलास, पुढ्यातल्या पोळीचा तुकडा मोडून हातातच धरून राहिलास, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"ताई, तुझ्याही नाकात आहेत. तू आजारी नाहीस, ते नुसते राहतात तिथं. पण हात नकळत नाकाकडे जातो, तोच हात जखमेला लागतो. पंधरा दिवस मलम लाव, ड्रेसिंग करू नकोस. मग पुन्हा स्वॅब घेऊ."

"म्हणजे मी ओवळी."

"ओवळं-सोवळं नाही गं हे!"

"मग निराळं काय आहे? काका काय म्हणत होते? हाताला लागतं, डोळ्याला दिसत नाही, पण असतं. शब्द न् शब्द तोच बोलून राहिलास तू, दत्तू. फक्त त्यांच्याजवळ थाळी नव्हती."

तुझा चेहरा असा उतरला. काकांनी मारलं तेव्हाही उतरला नव्हता. तू पोळीचा तुकडा ताटात ठेवलास, उठलास, चपला घातल्यास आणि गेलास. माझ्या घरून उपाशी गेलास. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. मी लाटणं हातात घेऊन बसले, आणि मेला गेला तर जाऊ दे, असं म्हटलं. म्हटलं हो, खोटं कशाला बोलू?

ते भांडण तसंच राहिलं. आता कुणाशी पुरं करू? मला एवढंच कळतं की काका चुकीचे होते आणि तू बरोबर होतास, आणि दोघांचं वाक्य मात्र एकच होतं. वीस वर्षं विहिरीवर डोक्यावरून पाणी घेतलेल्या बाईला त्यातला फरक पोळ्या लाटता लाटता कळायचा नाही रे. तू थोडं थांबायला हवं होतंस. मला शिव्या घालायला हव्या होत्यास. "अडाणी आहेस, ताई," म्हणायला हवं होतंस. मी जेवू घालून ऐकलं असतं.

मलमाची ट्यूब मी ट्रंकेत टाकली. एकदाही लावली नाही. मेट्रनबाईंनी पंधरा दिवस ड्रेसिंगवरून काढलं, ते मी तोंड फुगवून पाळलं. सोळाव्या दिवशी जाऊन म्हटलं, "हो गए पंद्रह दिन." त्यांच्याकडे माणसं नव्हती, त्यांनी स्वॅबचं विचारलं नाही. तू विचारलंस, व्हरांड्यात, दोनदा. मी म्हटलं, वेळ नाही. भाऊबीजेला मात्र आलास. पाटावर बसलास, मी तोंडातून शब्द न काढता ओवाळायला लागले, तर हळूच म्हणतोस, "ताई, ओवाळताना श्वास घेतलास तरी चालेल." मला हसू फुटलं. निरांजन विझता विझता राहिलं. सुमनही हसली. मला वाटलं, मिटलं आता. मिटलं कसलं, नुसतं झाकलं होतं.

आणि मग मार्गशीर्षातली ती थंडीची सकाळ. तू सायकलवरून उतारानं येत होतास आणि कारखान्याकडे लोखंड घेऊन चाललेल्या ट्रकनं मागून धक्का दिला. मी वॉर्डात थर्मामीटर झटकत होते. स्ट्रेचर आत आलं, मी सवयीनं आधी पाय बघितला. नडगीचं हाड बाहेर आलेलं, त्याला माती लागलेली. मग वर तोंड बघितलं. तू म्हणालास, "ताई, चष्मा फुटला."

हाड बसवलं, प्लास्टर घातलं, जखमेपुरती खिडकी ठेवली. पहिले दोन दिवस रामप्रसादनं ड्रेसिंग केलं. हात नीट धुणारा, मलम लावून दुसऱ्या काडीत स्वच्छ निघालेला माणूस. पण हात दगडाचा. तू ओरडायचास. अख्ख्या वॉर्डात तुझं ओरडणं ऐकू यायचं, आणि मी लिनन-रूममधे चादरी मोजायचं नाटक करायची. तिसऱ्या दिवशी मला राहवेना. घरी उकळलेलं लुगडं नेसून आले, कोपरापर्यंत तीनदा हात धुतले, कार्बोलिकच्या साबणानं, बोटं पांढरीफटक पडेपर्यंत. आणि ट्रॉली ढकलत आले. "सरक रे, रामप्रसाद."

तू मान वर केलीस. "ताई, स्वॅब दिलास?"

"आता नाकात काड्या घालून घेऊ की तुझी जखम बघू? आपल्या माणसाला मी परक्याच्या हाती देऊ?"

सुमन खाटेच्या पलीकडे उभी होती. ती तुझ्याकडे बघत होती. तू माझ्या हातांकडे बघितलंस. मग म्हणालास, "मास्क नाकावर घे. नुसता तोंडावर नको." आणि स्वतःच पांघरूण बाजूला केलंस. बस. नाही म्हणाला नाहीस.

मी करायला लागल्यापासून तू ओरडला नाहीस. याचा मला इतका अभिमान होता, दत्तू. शेजारच्या खाटेवरचा तो सुतार म्हणायचा, "बहन का हाथ है, साहब." मी मान ताठ करून ट्रॉली पुढं न्यायची.

नवव्या दिवशी ताप भरला. शफीमियाँ येऊन पू घेऊन गेले. दोन दिवसांनी थाळी पंच्यात गुंडाळून तुझ्या खाटेशी आणली. तू नव्या चष्म्याची दांडी सावरत ती खिडकीकडे धरलीस. मी पायथ्याशी पट्ट्या गुंडाळत होते, पण मला दिसलं. त्या पांढऱ्या टिकलीला सोनेरी ठिपके टेकून बसलेले. तू बघितलंस, थाळी परत दिलीस आणि विचारलंस, "शफीमियाँ, वो जो नाकवाली चार नलियाँ रखी थीं, हैं अभी?"

"हैं साहब. मिला के देखूँ?"

"नहीं. फेंक दो."

शफीमियाँ उभेच राहिले. एकदा तुझ्याकडे, एकदा माझ्याकडे. मग थाळी काखेत घेऊन गेले. तू उशीवर डोकं टेकवलंस. "ताई, चहा मिळेल का गं? आलं घालून." मी चहा आणायला गेले. आलं किसलं. मला कळलं होतं तू काय केलंस. कुणाच्या नाकातले कुणाच्या पायात गेले हे जुळवून बघायची एकच सोय होती, ती तू मोडून टाकलीस. तुझ्या साऱ्या कामाच्या विरुद्ध केलंस ते, आणि माझ्यासाठी केलंस. मी कप तुझ्या हातात दिला. चहा चांगला झालाय म्हणालास.

त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. स्ट्रेप्टोमायसिन. मुंबईहून कुणाच्या तरी ओळखीनं मागवलेल्या नव्या कॅप्सुला. पाय काढायचं ठरलं, तू सही केलीस, पण तोवर ते रक्तात गेलं होतं. शेवटच्या दिवशी तू मला ओळखलं नाहीस, काकू समजलास. दुपारी चारच्या सुमाराला, वॉर्डात चहाची किटली फिरत होती तेव्हा गेलास. मी डोळे मिटले, हनुवटी बांधली, घड्याळ बघून चार्टवर वेळ लिहिली. अक्षर चांगलं आलं. मग नळाशी जाऊन हात धुतले. सुमन भिंतीला टेकून उभी होती आणि मी हात धूतच होते.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला सांगितलं. ती तुझे कपडे उन्हात घालत होती. तुमची छोटी शैला अंगणात माती खेळत होती. मी म्हटलं, "सुमन, एक बोलायचंय. दत्तूच्या पायात गेले ते जंतू माझ्या नाकात होते. त्यानं मला हात लावू नको म्हणून सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

तिनं तुझ्या कोटाची बाही सरळ केली. "ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"तुमचं भांडण झालं त्या दिवशीच सांगितलं त्यांनी. उपाशी आले होते घरी. आणि तुम्ही ट्रॉली घेऊन आलात ना, तेव्हा मी त्यांना आधीच म्हटलं होतं, ताई येतील, त्यांना नको म्हणा. दोनदा म्हटलं. तर म्हणाले, मी कुणालाही नाही म्हणेन गं, ताईच्या हाताला नाही म्हणायचं मला जमणार नाही."

मी पायरीवर बसले. "मग तू का नाही बोललीस? तू म्हणायचं होतंस मला."

"मी?" तिनं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "तुम्हा बहीणभावांत मी कधी बोलले, ताई? इतकं प्रेम होतं तुमचं एकमेकांवर. त्यात माझं आणि शैलाचं कुणाच्या लक्षातच आलं नाही."

मला राग आला. खरं सांगते, आधी रागच आला. म्हटलं, "मग येणाऱ्या-जाणाऱ्याला कशाला सांगत होतीस, ताईंनी स्वतःच्या हातानं केलं म्हणून?"

"दुसरं काय सांगू?"

तिनं दोरीवरचा शेवटचा सदरा झटकला. "आता मला सांगून मोकळ्या होऊ नका. मी नाही माफ केलं म्हणणार, आणि दोषही नाही देणार. माझ्याच्यानं दोन्ही होत नाही आत्ता. सांगायचंच असेल तर तिकडे वॉर्डात सांगा, जिथं अजून माणसं झोपली आहेत."

शहाणी बाई आहे तुझी बायको, दत्तू. इथं आल्यापासून तिनं माझ्या पोळ्यांबरोबर आमटी केली आणि मी तिला नुसतं 'दत्तूची सुमन' समजत होते. तुला हे कधी बोलले नाही. तूही तिला बोलला नसशील.

मी त्याच दिवशी गेले. मेट्रनबाईंना सगळं सांगितलं, ट्रंकेतल्या ट्यूबसकट. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "सिस्टर, मेरे पास आदमी कहाँ हैं?" मी म्हटलं, माझ्याकडून काहीही करून घ्या, जखमेला हात लावायला सांगू नका. मग तुझ्या खोलीत गेले. शफीमियाँनी काडी घेतली. त्यांना ती पुढं करवेना, माझंच नाक मला पुढं करावं लागलं. दोन दिवसांनी थाळी दाखवली. ते आहेत, दत्तू. तसेच. सोनेरी. आता दिवसातून तीनदा मलम लावते, आणि चादरी मोजते, ताप घेते, जेवणाची ताटं वाटते. ट्रॉलीपासून लांब राहते. लोक विचारतात, सिस्टर, तब्येत बरी नाही का? मी सांगते काय आहे ते. काही जण मागं सरकतात. सरकू देत.

आणि काल बरखेड्याहून एक फिटर आला. सांगलीकडचा, बदली होऊन महिना झालेला, मांडीचं हाड मोडलेलं. त्याची बायको खाटेशी बसून होती, पदराचं टोक दातात धरून. मी ताप घ्यायला गेले आणि "तोंड उघडा" म्हटलं, तर ती ताडकन उठली. "अगं बाई, तुम्ही मराठी! देवच भेटला." माझा हात तिनं घट्ट धरला. "ताई, यांचं ड्रेसिंग तुम्हीच करा हो. तो माणूस फार दुखवतो, आणि मला त्याची भाषाही कळत नाही. आपल्या माणसाचा हात वेगळा असतो."

रामप्रसाद ट्रॉली घेऊन उभा होता. तो फिटर माझ्याकडे बघत होता, अगदी आशेनं. मला यायचं होतं पुढं, दत्तू. बोटांना माहीत होतं कुठली पट्टी कुठून सोडायची. मी तिच्या हातातून माझा हात सोडवला आणि मागं घेतला.

"नाही, बाई," मी म्हटलं. "माझा हात यांच्या जखमेला चालायचा नाही. रामप्रसादच करेल. दुखेल. दुखू दे."

तिचं तोंड एवढंसं झालं. केवढी माणूसघाणी बाई, असं वाटलं असणार तिला. रामप्रसादनं पट्टी सोडायला घेतली. तो माणूस तुझ्यासारखाच ओरडला. मी जागची हलले नाही.